आप्पेपात्रातले व्हॉल्व्ह

गाडी आज सकाळी गावाला गेली, अण्णा. तुमचा मुलगा चालवतोय, आई मागच्या सीटवर पाठीशी उशी घेऊन बसल्या आहेत, आणि मी इथे लालबागच्या आपल्या गॅरेजच्या गाळ्यात तुमच्या लोखंडी स्टुलावर बसून फोनकडे बघते आहे. चहा दोनदा केला आणि दोनदा थंड केला. मांडीवर ते बिडाचं आप्पेपात्र आहे, तुम्ही आईंच्या ओट्यावरून एकदा उचलून आणलंत ते परत कधी वर गेलंच नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. त्या गाडीच्या इंजिनाचं हेड मी खोललं, आठही व्हॉल्व्ह मी काढले आणि मीच परत बसवले, आणि त्यांतल्या एकातून थेंब येतो. हे मला माहीत आहे, गाडीतल्या दोघांना माहीत नाही. गाडी धडपणे पोचली तर गावच्या घरी शेडमध्ये राहील. वाटेत बसली तर जिथे बसेल तिथल्या भंगारवाल्याला देऊन एसटीने पुढे जाणार, असं तुमचा मुलगा मला बजावून गेला आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हार बदलायचं आता सणासुदीलाच लक्षात येतं. रागावू नका, खरं ते लिहिते आहे. जिवंतपणी तुमच्याशी मी कधी वाद घातला नाही. घालायला हवा होता. आज हात रिकामे आहेत, गाळाही रिकामा आहे, भिंतीवर पान्ह्यांच्या जागी पान्ह्यांच्या काळ्या सावल्या उरल्या आहेत, आणि मला कुणाशी तरी भांडल्याशिवाय बसवत नाही. उद्या किल्ली बिल्डरच्या माणसाला द्यायची म्हणून मी मागे राहिले. नाहीतर मीही गाडीत असते आणि दर चढाला श्वास धरून बसले असते.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचे हात थरथरायला लागले होते. मुलगा बँकेत चिकटलेला, त्याला ग्रीसच्या वासानेही शिंका येतात, अजून येतात. एका रविवारी मी घावन्यांचं पीठ कालवत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, “हात दाखव गे.” मला वाटलं भविष्य बघताय. पिठाचे हात तसेच पुढे केले. तुम्ही ते गिऱ्हाइकाने आणलेला पार्ट बघावा तसे उलटसुलट करून बघितलेत. “लहान आसत. बरां झाला. जरा खाली ये.” आई मागून म्हणाल्या, “आता सुनेक पण गॅरेजात घेऊन जावा.” तुम्ही ऐकलं नाहीत. न ऐकण्यात तुमचा हात धरणारं कुणी नव्हतं.

खाली बाकावर एक हेड उताणं पडलेलं होतं. तोवर मला इंजिन म्हणजे बॉनेटखालचा आवाज एवढंच माहीत. तुम्ही क्लॅम्प लावून स्प्रिंग दाबलीत आणि मला म्हणालात, आता ते दोन अर्धे लॉक बोटाने उचल. हरभऱ्याच्या डाळीएवढे ते तुकडे, व्हॉल्व्हच्या देठाला दोन बाजूंनी धरून बसलेले. ते निघाले की स्प्रिंग सुटते आणि लांब देठाचं, चपट्या डोक्याचं ते लोखंडी भूछत्र खालच्या बाजूने हातात येतं. तुम्ही त्याला वॉल म्हणायचात. तुमच्या थरथरत्या बोटांतून लॉक उडायचे, मग अख्खा गाळा झाडावा लागायचा आणि सापडायचे तुमच्याच चपलेत. माझ्या बोटांतून एकही उडाला नाही. त्या रविवारपासून क्लॅम्प तुमच्या हातात आणि लॉक माझ्या.

आणि हे आप्पेपात्र. कडेने आठ खळगे, मधे एक. कानाचा टवका उडालाय तिथून एक नंबर. जो व्हॉल्व्ह ज्या जागेतून निघेल तो त्याच क्रमाने त्याच खळग्यात उभा करायचा, मधल्या खळग्यात लॉक. “वॉलची आणि सीटची एकमेकांक सवय झालेली असता,” व्हॉल्व्ह टेकतो त्या हेडमधल्या बैठकीकडे बोट करून तुम्ही म्हणायचात. “दुसऱ्याच्या जागेर बसवलंस तर जल्मभर भांडत रवतले.” मी गिरगावातून नुकतीच आलेली. मला वाटायचं, टोमणा माझ्यासाठीच आहे. घरातही तुमचं तसंच होतं ना. जेवायला कोण कुठल्या पाटावर, कुणाची चप्पल कुठल्या कोपऱ्यात, रेडिओचा कान कोण पिरगाळणार, सगळं ठरलेलं. मला मिळालेली जागा दाराआडची होती, तिथून ताटंही वाढता यायची आणि दिसायचंही कुणाला नाही.

समोरच्या चाळीतल्या टॅक्सीवाल्या काकांच्या गाडीचं हेड आठवतं? तेव्हा तुम्ही नुसते बसून सांगत होतात, काम सगळं मी केलं होतं. व्हॉल्व्ह घासले, बसवले, स्प्रिंगा चढवल्या. मग हेड उलटं ठेवून त्याच्या खळग्यांत रॉकेल ओतलं, कुठून झिरपतं का बघायला. काका त्याच वेळी हातात वडापाव घेऊन दारात आले. हेडच्या बाजूच्या एका तोंडाशी ओल आली आणि एक थेंब लोंबला. मी म्हटलं, “एकच थेंब आहे, अण्णा.” तुम्ही म्हणालात, “आज थेंब. उद्या वॉल जळतलो. परत काढ.” मी तो एक काढायला घेतला तर तुमचा आवाज चढला. “सगळे काढ. एकात चूक झाली तर बाकीच्यांत झाली नाय कशावरून?” काका वडापाव चावायचे थांबले. आठही परत काढले मी, डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत, कारण बोटांना घासायची खरखरीत पेस्ट होती. बाकीच्या सातांत काहीही चूक नव्हती, अण्णा. तेव्हाही मला ते माहीत होतं आणि तुम्हालाही होतं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी अशी चालली की काका पेढे घेऊन आले. “हात म्हणजे हात आहे तुमचा, अण्णा!” तुम्ही खाली बघत म्हणालात, “अरे, सवयीचं काम.” मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नखं काळी होती म्हणून ट्रे पदरातून धरला होता. मला वाटलं, आता सांगाल. काका गेल्यावर सांगाल, निदान जेवताना आईंना सांगाल. तुम्ही भात परत घेतलात आणि आमटी छान झाली म्हणालात. पुढे कधीतरी तुम्ही मला व्हॉल्व्ह घासायची ती काठी दिलीत, टोकाला रबरी वाटी असलेली, दांडा माझ्या तळव्याच्या मापाने कापून आणि काचकागदाने गुळगुळीत करून. कधी मला ती काठी म्हणजे तुमचं बोलणंच वाटते, तर कधी वाटतं, एक वाक्य बोलायला तुमचं काय जात होतं?

असो. आताचं सांगते. आपली चाळ पडणार. दिवाळीआधी सगळ्यांनी खोल्या आणि गाळे सोडायचे. तुमच्या गाडीचा प्रश्न आला. गेलं वर्षभर ती चढावर दमायची, एका सिलिंडरमध्ये दमच नव्हता. तुमचा मुलगा म्हणाला, चालू झाली तर गावी नेतो, नाहीतर भंगारात. आईंनी जेवणावरून हात काढला. “तेंची गाडी दोरी बांधून न्हेतले? मेलेल्या ढोरासारखी?” मी म्हटलं, मी खोलते. तुमच्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गच्चीवरून उडी मारते म्हटलं होतं. दादरच्या ऑफिसातून आले की साडी बदलून खाली. रेडिएटरचं पाणी सोडलं, हेडचे बोल्ट तुम्ही सांगितलेल्या क्रमाने, कडेकडून आत असे सैल केले, तुमचा मुलगा शिंकत शिंकत मला हेड उचलू लागला. हाताला सगळं आठवत होतं. डोक्याला विचारलं असतं तर गोंधळले असते. आठही व्हॉल्व्ह आप्पेपात्रात उभे केले, टवक्यापासून एक नंबर. ऑफिसात माझी नखं बघून शेजारच्या बाई म्हणाल्या, मेंदी फारच काळी रंगली की हो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर ऑपेरा हाऊसकडे गेले, हेडखाली घालायचं नवं गॅस्केट शोधायला. चार दुकानांनी नाक मुरडलं, पाचव्याने माळ्यावरून धूळ झटकून काढून दिलं. आनंदात घरी येते तर गाळ्यात दिवा. पाटावर लाल कापड, त्यावर तुमचे पान्हे, क्लॅम्प, माझी काठी, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध झेंडूच्या भोवती आठही व्हॉल्व्ह, चांदीसारखे लखलखीत, मोठा-लहान, मोठा-लहान असे गोल मांडलेले. आप्पेपात्र धुऊन उपडं घातलेलं. आई शेजारी मोरीच्या पाटावर बसल्या होत्या, हातात तारेची घासणी, बोटं चिंचेने पांढरी पडलेली. गुडघ्यांमुळे किती महिने त्या जिना उतरल्या नव्हत्या, आणि आज एकट्या उतरल्या होत्या.

मी ओरडले, अण्णा. त्या घरात मी पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने ओरडले. “आई, काय केलंत हे! सगळी वाट लावलीत! कुठला कुठे जायचा ते आता कोण सांगणार?” त्या घासणी हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. “अगो, देवापुढे काळां-कुळकुळीत कसां ठेवतलंय? तेंचा काम ना ह्यां.” मी पाय आपटत वर गेले. दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पानं हातात ठेवून हळूच म्हणाल्या, “माका वाटला, लखलखीत झाले तर बरे चलतीत.” मला इतकं वाईट वाटलं की वाटीतलं श्रीखंड तसंच ठेवून उठले.

मोठे चार हवा-पेट्रोल आत घ्यायचे आणि लहान चार धूर बाहेर सोडायचे, एवढं कळत होतं. त्या चारांतला कोण कुणाचा, ते कळायला काही मार्ग नव्हता. तुमचा नियम चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला होता. मी दोन दिवस नुसती येरझाऱ्या घालत होते. मग एका संध्याकाळी एक व्हॉल्व्ह उचलला, दिसेल त्या सीटवर ठेवला, पेस्ट लावली आणि घासायला लागले. सवय नसेल तर लावायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक, कडेला राखाडी गोल कडं सगळीकडून सारखं उमटेपर्यंत. जुन्या जोडीला जेवढं घासावं लागतं त्याच्या तिप्पट घासावं लागलं, पण बसला, अण्णा. दुसऱ्याच्या जागेवर बसला. तुम्ही हे कधी सांगितलं नव्हतंत. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आई दारात येऊन उभ्या होत्या. काठी मी दोन तळव्यांत धरून फिरवत होते, पुढे-मागे, मधेच उचलून थोडी वळवून परत. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्यां तर ताक करण्यासारखां. माका दी.” मी नवीन आणलेली लांब काठी त्यांना दिली. त्यांच्याइतका सरळ हात माझा कधी चालला नाही. आम्ही दोघी तुमच्या बाकावर समोरासमोर बसून घासत होतो, एक मी, एक त्या. मी माफी मागितली. त्यांनी ती न ऐकल्यासारखी केली आणि वेगळंच बोलल्या. “त्या टॅक्सीवाल्याची गाडी तू केलेलंस, माका ठाऊक होता. तुझी नखां बघलेलंय मी. तेंका सांगलंय, पोरीचा नाव घेवा. तर म्हणाले, बाईन केला म्हटला तर गिऱ्हाईक जातला.”

माझा हात थांबला. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुमच्या लक्षात आलं नाही, किंवा माझं काम तुम्हाला सांगण्याइतकं मोठं वाटलं नाही. म्हणजे तुम्ही विचार केला होतात. विचार करून गप्प बसला होतात. ह्यावर रागवावं की हसावं ते मला समजेना. आईंनी आपला व्हॉल्व्ह उचलून दाखवला, “झाला काय बघ.” मी म्हटलं, आणखी थोडा. शेवटचा त्यांनीच घासला, हात भरून आले होते तरी सोडला नाही.

रॉकेल आता मुंबईत मागितलं तर लोक तोंडाकडे बघतात. म्हणून हेड उलटं ठेवून मी पेट्रोल ओतलं. सात कोरडे ठक्क. आठव्याच्या तोंडाशी ओल आली, मग एक थेंब लोंबला. आईंनी शेवटी घासला होता तोच. त्या चष्मा कपाळावर सारून वाकल्या. “गळता काय गो?” मी अंगठ्याने थेंब पुसला आणि म्हटलं, “नाही आई. कोरडं आहे.” त्यांनी तोच हात माझ्या पाठीवरून फिरवला, पेस्टचा, आणि जिना चढून वर गेल्या.

पेट्रोल पातळ असतं, रॉकेल असतं तर थांबलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. दिवस उरले नाहीत, असंही समजावलं. दोन्ही खरं आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, परत काढ, आणि तेही त्यांच्यासमोर. मी तसं म्हटलं नाही. नवं गॅस्केट घातलं, बोल्ट मधून बाहेर असे आवळले, आणि थेंब आत बंद करून टाकला.

परवा गाडी चालू केली. आधी खोकली, मग काळा धूर सोडला, मग धरलं तिने. आईंनी खिडकीतून हात जोडले. समोरून टॅक्सीवाले काका काठी टेकत आले. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, म्हणून इंजिनाची फुसफुस कळली नाही, हे माझं नशीब. “वा! कोणी केलं काम?” तुमच्या मुलाने तोंड उघडलं, त्याआधी मी बोलले. “मी केलं, काका. हेड मी खोललं, व्हॉल्व्ह मी बसवले. आणि तुमच्या टॅक्सीचेही तेव्हा मीच बसवले होते.” दोनदा ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे अर्ध्या चाळीने ऐकलं. काका माझ्या हातांकडे बघत राहिले. “अण्णा कधी बोलले नाहीत गं.” मी म्हटलं, “नाही बोलले.” मग वर येऊन पाणी प्यायले तेव्हा माझं मलाच हसू आलं. चांगल्या कामांवर तुमचं नाव लागलं, आणि ज्यावर मी छाती पुढे काढून स्वतःचं नाव लावलं ते नेमकं गळकं.

फोन वाजला. थांबा.

आईंचाच होता. कशेडीचा बोगदा ओलांडून चहाला थांबलेत. आता तिथे घाट चढावा लागत नाही म्हणे, मला आधी माहीत असतं तर सकाळपासून निम्मा जीव तरी वाचला असता. मी विचारलं, गाडी कशी चालतेय? आई म्हणाल्या, “चलता गो बरी. मधी मधी धापता. तुझे सासरे जिनो चढताना धापत ना, अगदी तशी. मी ह्याका म्हटलंय, घाई करू नको, तेंका दमान येवंदे.” मागे तुमचा मुलगा शिंकला. मला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं, फोन तोंडापासून लांब धरावा लागला. आईंना मी म्हटलं, वय झालंय गाडीचं, धापणारच. थेंबाचं सांगितलं नाही.

अजून कणकवलीपर्यंत बरीच वाट आहे. पोचतील असं वाटतं. दिवाळीनंतर रजा टाकून मी गावी जाईन आणि आई दुपारच्या झोपल्या की तो एकच व्हॉल्व्ह काढून घासून परत बसवीन. एकच, सगळे नाही. आप्पेपात्र मी आता धुणार आहे, पुढच्या खेपेला आईंना त्यात आप्पे करून घालायचे आहेत. किल्ली द्यायच्या आधी हा कागद फाडायचाच आहे, म्हणून लिहून टाकते. ह्या गाळ्यात मला तुमची आठवण आली नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. पण आज सकाळी गाडी वळणावर फुसफुसली तेव्हा, अण्णा, तुम्ही ऐकायला नाही आहात ह्याचं मला बरं वाटलं.